परदेशातून पिल्लू आणायचंय? आधी त्याच्या वयाचं गणित मांडा

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या श्वानप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात थोड्याफार फरकानं सारखी फिरते. ‘सर्बियाहून डायरेक्ट इम्पोर्ट, जर्मन शेफर्ड मेल, हेवी बोन, वय ४५ दिवस, टोकन देऊन बुक करा, होम डिलिव्हरी.’ सोबत बर्फात खेळणाऱ्या गुबगुबीत पिल्लाचा व्हिडिओ. किंमत इथल्या पिल्लाच्या कितीतरी पट.

ही जाहिरात खरी की खोटी हे ठरवायला ब्रीडरशी बोलायचीही गरज नाही. उत्तर ‘४५ दिवस’ या दोन शब्दांतच आहे. परदेशातून नियमानं आलेलं पिल्लू भारतात उतरतं तेव्हा जवळपास चार महिन्यांचं झालेलं असतं. हे का, आणि त्याचे पुढे काय काय परिणाम होतात, ते नीट कळलं तर पैसेही वाचतील आणि एका जिवाचे हालही.

‘इम्पोर्ट’ आणि ‘इम्पोर्ट लाईन’ यांत गल्लत नको

‘इम्पोर्ट लाईन’चं पिल्लू भारतातच जन्मलेलं असतं. त्याचा बाप, आई किंवा आजा-पणजा परदेशातून आलेला असतो, एवढंच. त्याला विमान, कस्टम, क्वारंटाईन यातलं काही लागत नाही. ‘इम्पोर्ट’ म्हणजे जे पिल्लू स्वतः परदेशात जन्मलं आणि विमानानं आलं. बाजारात पहिलं दाखवून दुसऱ्याचा भाव लावला जातो, म्हणून पहिलाच प्रश्न विचारा: पिल्लाचा जन्म कुठं झाला?

कोण आणू शकतो?

कस्टमच्या २०१३ च्या परिपत्रकानुसार सामानासोबत, म्हणजे बॅगेजमध्ये, पाळीव प्राणी आणण्याची सवलत अशा माणसाला आहे जो सलग दोन वर्षं परदेशात राहून कायमचा भारतात परत येतोय. तोही एका वेळी दोनच प्राणी आणू शकतो. बाकीच्यांना डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा, आयात परवाना लागतो. एप्रिल २०१६ मध्ये याच डीजीएफटीनं कुत्र्यांची आयात आणखी आवळली. पाळीव कुत्रं असेल तर त्याचं पेट बुक (त्याच्या नोंदींची वही) आणि इतर कागद आणणाऱ्याच्याच नावे हवेत. ते सोडून वाट ठेवली ती संशोधन संस्था आणि संरक्षण-पोलीस दलांसाठी. पैदाशीसाठी कुत्री आणून पिल्लं विकण्याचा धंदा थांबावा, हा त्यामागचा हेतू.

अशा अधिसूचना बदलतात, कोर्टात त्यांना आव्हानंही दिली जातात. म्हणून टोकन देण्याआधी दोन कामं करा. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती बघा, आणि ज्या विमानतळावर पिल्लू उतरणार तिथल्या पशु क्वारंटाईन केंद्राला ईमेल करून आपली परिस्थिती लिहा: मी इथंच राहतो, पिल्लू अमुक देशातून घ्यायचं आहे, मला काय लागेल? लेखी उत्तर मिळेपर्यंत एक रुपया पाठवू नका.

यावर हमखास येणारा प्रश्न: ‘आमचा भाचा तीन वर्षं जर्मनीत आहे, दिवाळीत कायमचा परत येतोय. त्याच्या नावावर आणलं तर?’ भाच्यानं तिथं स्वतः पिल्लू घेतलं, सांभाळलं आणि तो ते घेऊन परत आला, तर ते रीतसर आहे. पण नाव भाच्याचं, पैसे तुमचे आणि पिल्लू विमानतळावरून थेट तुमच्या केनेलमध्ये, असं असेल तर ती कस्टमपुढे केलेली खोटी घोषणा ठरते. पकडलं गेलं तर त्रास भाच्याला होईल, आणि पिल्लू अडकेल ते वेगळंच.

चार महिन्यांचं गणित

आता मुख्य मुद्दा. भारतात येणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस प्रवासाच्या किमान एक महिना आधी आणि जास्तीत जास्त एक वर्ष आधी दिलेली असावी लागते. आणि ही लस बहुतेक ठिकाणी बारा आठवड्यांच्या आत दिलेली धरत नाहीत. युरोपीय संघाचा नियमही बारा आठवड्यांचाच आहे.

बारा आठवडेच का? पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसभरात आईचा चीक पितं. त्यातून आईची रोगप्रतिकारक द्रव्यं त्याच्या रक्तात उतरतात. ही आईनं बांधून दिलेली शिदोरी असते, आणि ती संपेपर्यंत पिल्लाचं शरीर स्वतःची चूल पेटवत नाही. लस दिली तरी आईची द्रव्यं तिला निष्प्रभ करतात. ही शिदोरी हळूहळू सरते, प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी. बारा आठवड्यांपर्यंत बहुतेकांची पुरेशी सरलेली असते. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा देतात, तेही याच कारणानं.

बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. त्यात लसीनंतरचे ३० दिवस मिळवले की ११४. मग तपासणी, सरकारी सही आणि विमानाची तारीख यांत आठवडाभर सहज जातो. म्हणजे १२० दिवसांच्या आसपास. दारात ४५ दिवसांचं ‘इम्पोर्टेड’ पिल्लू आलं तर शक्यता दोनच: ते इथंच जन्मलंय, किंवा त्याचे कागद खोटे आहेत.

मधले दोन महिने पिल्लू कसं वाढलं?

याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त पस्तावा इथंच होतो. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचं मन नव्या गोष्टींसाठी उघडं असतं. या काळात त्यानं माणसं, मुलं, गाड्या, आवाज, वेगवेगळ्या फरशा पाहिल्या तर पुढे ते बिनघोर राहतं. त्यानंतर नव्या गोष्टीकडं ते आधी संशयानं बघतं. आयात केलेल्या पिल्लाची ही खिडकी परदेशातच बंद होते. ब्रीडरनं त्याला चार महिने जाळीच्या कप्प्यात ठेवलं असेल, तर तुमच्याकडे येणारं कुत्रं गणपतीच्या ढोल-ताशाला, डीजेला, ट्रॅक्टरच्या धडधडीला घाबरून आयुष्य काढेल. कितीही चॅम्पियन बापाचं असो.

म्हणून आठव्या ते सोळाव्या आठवड्यातले व्हिडिओ मागवा, आणि ते गवतावर ऐटीत उभ्या पिल्लाचे नकोत. रस्त्यावर दोरीनं चालणारं, अनोळखी माणसाकडून खाऊ घेणारं, घरातल्या मिक्सरच्या आवाजात निवांत पडलेलं पिल्लू बघायला मागा. चांगला ब्रीडर हे आनंदानं पाठवतो. टाळाटाळ करत असेल तर तिथंच थांबा.

कागद कोणते, आणि त्यांचा क्रम

आधी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेच्या कातडीखाली बसवतात. आयएसओ प्रमाणाची चिप १५ अंकी असते. पहिले तीन अंक देशाचा किंवा कंपनीचा कोड असतात: भारत ३५६, सर्बिया ६८८, रशिया ६४३, हंगेरी ३४८. ९०० किंवा त्यापुढचे अंक असतील तर तो चिप बनवणाऱ्या कंपनीचा कोड असतो, त्यात गैर काही नाही. पण ‘सर्बियाहून आणलेल्या’ पिल्लाचा नंबर ३५६ नं सुरू होत असेल, तर ब्रीडरकडून खुलासा घ्या.

चिप रेबीजच्या लसीआधी किंवा त्याच दिवशी बसलेली हवी. आधी लस आणि नंतर चिप, असं झालं तर ती लस याच पिल्लाला दिली होती हे सिद्ध होत नाही. मग लस पुन्हा आणि ३० दिवसांची मोजणीही पुन्हा. ही चूक वारंवार होते. कागद हातात आला की सगळ्यात आधी या दोन तारखा पडताळा.

त्यानंतर डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ (हिपॅटायटिस) आणि लेप्टोच्या लसींची नोंद. आणि निघण्याच्या आठवड्याभरात तिथल्या सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र. खासगी डॉक्टरची सही इथं पुरत नाही. या सगळ्यांच्या प्रती भारतातल्या क्वारंटाईन केंद्राला पाठवून विमान निघण्याआधी ना-हरकत मिळवायची. ही केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबादला आहेत. पिल्लू उतरल्यावर तिथले डॉक्टर ते तपासतात, स्कॅनरनं चिप वाचतात आणि मगच ते हातात मिळतं. चिपचा एक अंक जरी कागदावर चुकला तरी पिल्लू तिथंच थांबतं. कागद अपुरे असतील तर ते मालकाच्या खर्चानं परतही पाठवलं जातं.

चिकलठाणा किंवा नांदेडच्या विमानतळावर परदेशी पिल्लू उतरवता येत नाही. नांदेड, लातूर, उदगीरकरांना हैदराबाद सोयीचं पडतं, संभाजीनगर-जालन्याकडच्यांना समृद्धी महामार्गानं मुंबई. गाडीचा प्रवास रात्रीचा ठेवा. आणि ढाब्यावर पेटीचं दार उघडण्याआधी पट्टा आणि दोरी बांधा. इतके तास बंद राहिलेलं पिल्लू उघडताक्षणी धूम ठोकतं, आणि महामार्गावर सुटलेलं पिल्लू हाती लागत नाही.

विमानातली पेटी

विमान कंपन्या आयएटीएच्या, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, मापाप्रमाणे पेटी मागतात. पिल्लू उभं असताना चार मापं घ्यायची: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा कानांच्या टोकापर्यंत उंची. पेटीची लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे खांद्यांच्या दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक अंथरुणाची जाडी. समजा लांबी ६० सेंमी, कोपर २८, खांदे १८, कानांपर्यंत ५२ आणि अंथरूण ३. तर पेटी ७४ लांब, ३६ रुंद, ५५ उंच. ही आतली मापं. मोठ्या जातीचं चार महिन्यांचं पिल्लू आठवड्यागणिक वाढतं, त्यामुळे महिनाभर आधी घेतलेलं माप उपयोगाचं नाही.

पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना श्वास घ्यायलाच त्रास असतो. ताणात आणि उष्णतेत त्या गुदमरतात. म्हणून कित्येक विमान कंपन्या त्यांना घेत नाहीत, घेतल्या तर मोठी पेटी मागतात. आणि ‘शांत राहावं म्हणून’ झोपेचं औषध कुठल्याच पिल्लाला देऊ नका. त्यानं रक्तदाब आणि श्वास मंदावतो, आणि कार्गोच्या कप्प्यात बघायला कुणी नसतं.

‘एजंट सगळं बघतो म्हणतो’

चांगला क्लिअरिंग एजंट खरंच कामाचा असतो. पण तो काम करतो ते तुमच्या नावाच्या कागदांवर, आणि ते कागद तुम्हाला दाखवतो. फसवणुकीचा साचा मात्र ठरलेला आहे. आधी भाव आश्चर्य वाटावं इतका कमी. टोकन गेलं की ‘पिल्लू निघालं’. मग फोन येतो की दिल्ली विमानतळावर अडकलंय, वातानुकूलित पेटीसाठी पैसे भरा, परत मिळतील. दुसऱ्या दिवशी विम्याचे पैसे. तिसऱ्या दिवशी ‘भरले नाहीत तर प्राणी छळाचा गुन्हा नोंदवू’. पिल्लू कधी नव्हतंच. कस्टम किंवा क्वारंटाईन केंद्र कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागत नाही. कार्गोनं येणाऱ्या पिल्लाचा एअर वेबिल नंबर, म्हणजे विमान कंपनीच्या मालपावतीचा नंबर, मागा आणि तो विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून बघा. एजंटनं पाठवलेल्या लिंकवर नव्हे.

वंशावळीचंही तसंच. ‘एफसीआयचं सर्टिफिकेट’ असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. बेल्जियममधली ही श्वानसंस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना स्वतः वंशावळ देत नाही, त्या त्या देशाची सदस्य संस्था देते. परदेशी जाणाऱ्या पिल्लाला त्या संस्थेकडून एक्स्पोर्ट पेडिग्री मिळते, आणि ती दाखवून चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे इथली नोंद करता येते. त्यावरचा चिप नंबर पिल्लाच्या चिपशी जुळायला हवा.

कागदांपेक्षाही मोलाचे असतात आई-बापाचे आरोग्य अहवाल. जर्मन शेफर्ड, लॅब, रॉटवायलर यांच्यात खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक आहे. त्याचा एक्स-रे कुत्रं किमान वर्षाचं झाल्यावर काढतात, मोठ्या जातींत दीड वर्षानंतर. युरोपात ए ते ई अशी श्रेणी देतात, ए म्हणजे निर्दोष. आई आणि बाप, दोघांचेही अहवाल मागा. बाप चॅम्पियन आहे आणि आईच्या खुब्याचा एक्स-रेच नाही, अशा पिल्लासाठी लाखभर रुपये देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

२३ जातींवर बंदी आहे ना?

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, कॉकेशियन शेफर्ड यांच्यासह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचं परिपत्रक काढलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढलं म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं. पण यातली एखादी जात मनात असेल तर वरचा ईमेल पाठवताना जातीचं नाव आवर्जून लिहा. महापालिका हद्दीत राहत असाल तर कुत्र्याच्या परवान्याचीही चौकशी तिथंच करून टाका.

मराठवाड्याचा मे महिना

परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो. माणसासारखा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी उडवणं हाच त्याचा गारवा. कोरड्या उन्हाळ्यात हे जमून जातं, आपला कूलरही तेव्हाच चांगला चालतो. जूनच्या अखेरीस पाऊस लांबला आणि हवा दमट झाली की कूलर नुसता ओल सोडतो, आणि धापांचाही उपयोग तसाच संपतो. म्हणून कुत्र्यांना उष्माघात फक्त मेमध्येच होतो असं समजू नका. हस्की, सेंट बर्नार्ड, चाऊ चाऊ यांना इथं एसीविना ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि लोडशेडिंगच्या गावात एसीचाही भरवसा नाही.

पिल्लू आणायचंच तर नोव्हेंबर ते जानेवारीत उतरवा, म्हणजे उन्हाळ्याआधी त्याला तीन-चार महिने मिळतील. पत्र्याच्या शेडमध्ये कधीच नको. शहाबादी फरशीची, खेळत्या हवेची खोली चांगली. फिरायला सकाळी सातच्या आत, संध्याकाळी रस्ता निवल्यावर. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद टिकत नसेल तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. हस्कीचे केस उन्हाळ्यात भादरू नका, दुहेरी थर उन्हापासूनही बचाव करतो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल अडखळली, तर आधी गार करा, मग दवाखाना गाठा. पोटावर, बगलेत, जांघेत नळाचं पाणी सोडा आणि पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यानं उष्णता आतच कोंडते. १०३.५ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा.

गोचीड, आणि गोठ्यातलं औषध

थंड देशातल्या पिल्लानं आपल्याकडची गोचीड बहुधा पाहिलेलीच नसते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत राहते आणि अंडी तिथंच घालते, त्यामुळे नुसत्या अंगावरच्या वेचून भागत नाही. तिच्यामुळे होणाऱ्या एर्लिकियात ताप येतो, खाणं सुटतं, कधी नाकातून रक्त येतं. बबेसियात हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कॉफीसारखी होते. दोन्ही वेळेत सापडले तर बरे होतात. रक्त तपासणी लवकर करा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मोठ्या अडचणीत तिथं जाता येतं.

घरात जनावरं असतील तर एक गोष्ट कटाक्षानं पाळा: बैलाच्या गोचिडाचं औषध अंदाजानं पिल्लाला लावू नका, इंजेक्शन तर नकोच. गोठ्यात सर्रास वापरतात त्या आयव्हरमेक्टिनचा जनावराच्या मापाचा डोस कुठल्याही कुत्र्याला धोक्याचा आहे. कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत तर एका जनुकीय दोषामुळे ते थेट मेंदूत पोचतं आणि कुत्रं झटके येऊन दगावतं. कुत्र्यासाठीची गोळी वजनाप्रमाणे डॉक्टरकडूनच घ्या.

मग इथलंच घेतलं तर?

बहुतेक घरांसाठी मी हेच सुचवीन. इथल्या ब्रीडरकडं तुम्ही स्वतः जाऊ शकता, आईला बघू शकता, तिला हात लावू शकता. २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ‘४५ दिवस’ इथंही नियमाबाहेरच आहे. नोंदणीचा कागद मागा, चिप स्कॅन करून घ्या, आई-बापाच्या खुब्याचे अहवाल इथंही मागा. शेतावर राखणीला आणि पळायला कुत्रं हवं असेल, तर कारवान हाऊंड हा याच दख्खनच्या उन्हात घडलेला, आखूड केसांचा, सडपातळ कुत्रा आहे. ज्याच्याकडून घ्याल त्याला विचारा की गेल्या मेमध्ये या पिल्लाची आई दुपारी कुठं बांधलेली होती, आणि जमलं तर ती जागा जाऊन बघा.